पेवाच्या तोंडाशी

पहाटे तीनला आप्पांचा श्वास थांबला.
मी घड्याळाकडे पाहिलं. पंधरा. वीस. बावीस.
आई म्हणाली, गेले.
तेवढ्यात छाती हलली,
आधी बारीक, मग मोठा, मग त्याहून मोठा,
पाठीवर पोतं घेऊन कुणी जिना चढत यावं तसा,
आणि वरच्या पायरीला टेकून पुन्हा उतरू लागला,
उतरत उतरत नाहीसा.

मिरजेहून घरी पाठवताना रूथ सिस्टरनं सांगितलं होतं,
असं होईल. भिऊ नका.
त्यांना त्याचा त्रास नाही, त्रास बघणाऱ्याला.
पाणी पाजू नका, कुशीवर ठेवा,
ओठ ओल्या कापसानं पुसा.
मी हे लिहून घेतलं
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर.

शेजारच्या सोनाबाई म्हणाल्या, ऊर्ध्व लागलाय.
काकू म्हणाली, जीव अडकलाय कशात तरी,
इचलकरंजीच्या पोराला बोलवा.
थोरला आला. एसटीचं तिकीट अजून मुठीत.
श्वास तसाच.
कशातच अडकला नव्हता तो.
येत होता, जात होता,
मध्येच कुठंतरी बसत होता.

हरिपुरात पेव उघडलं की
लगेच आत कुणी उतरत नसे.
माती उकरायची, दगड सरकवायचा,
आणि नुसतं बसायचं चिंचेखाली, अर्धा अर्धा दिवस.
वर्षभर कोंडलेली वाफ वर यायची,
उष्ण, कडवट, हळदीची.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर पुन्हा चिंचेखाली.
जळत राहिला, तर आप्पा कमरेला दोर बांधायचे.

मी आठ वर्षांची, भाकरी घेऊन गेलेली.
वरून दौलूमामा ओरडायचे,
सिद्राम, हाय का?
खालून यायचं, हाय!
थोड्या वेळानं परत, हाय का?
हाय!
कधी उत्तराला उशीर व्हायचा.
मामांच्या हातातला दोर ताठ व्हायचा,
मी भाकरीचं फडकं पिळत राहायची,
आणि मग त्या काळ्या तोंडातून
पिवळा धुरळा बसलेला आवाज,
हाय की रं! वडू नगंस, पोतं भरतोय.

पुढं पेवांत नदी शिरली, एकदा नाही, दोनदा.
हळद पत्र्याच्या गोदामात गेली.
आप्पांच्या नखांतली तेवढी गेली नाही.
दवाखान्यात नवीन डॉक्टरला वाटलं, कावीळ.

दुसऱ्या रात्री घरघर सुरू झाली.
पेपरात हा शब्द साखर कारखान्यांना लागायचा,
घरात शिलाई मशीनला.
कुशीवर वळवलं की कमी व्हायची,
आई म्हणायची, वळवू नका, दमलेत.
धाकट्यानं मोबाईलवर चित्रण केलं,
सिस्टरला पाठवायला.
एक मिनिट चौदा सेकंद.
त्यात आप्पा थोडे, बाकी सगळा पंखा.

सकाळी नुसता जबडा हलत होता.
एक आचका. मग इतका वेळ
की खाली कुणीतरी मोटारसायकल सुरू करून निघून गेलं.
मग दुसरा.
मी कानाशी वाकले.
इतक्या माणसांत लाज वाटली, तरी विचारलं,
हाय का?

साठ. नव्वद.
काकू म्हणाली, पुरे, पोरी. दिवा लावा उशाशी.
दिवा लावला. ज्योत हलली नाही.
धाकटा म्हणाला, पंखा सुरू करू का आता?
कुणी काही बोललं नाही.
मी एकशे चाळीसपर्यंत मोजलं.
उशीर व्हायचा त्यांना, कधी कधी.